मोडनिंबचा खांब

“खांबाचं काय करायचं ठरवलंस, शैला?”

आक्कांनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. दवाखान्यातली दुपार होती. पंख्याचा आवाज होता, आणि मी त्यांच्या पायांवरची चादर उगाच पुन्हा पुन्हा सारखी करत होते. “उभा करते,” एवढं म्हणता आलं असतं. पण मी चादरीचं टोक गादीखाली खोचलं, “आधी पेज घ्या,” म्हटलं आणि वाटी पुढं केली. त्यांनी दोन चमचे घेतले आणि मान भिंतीकडं वळवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहाचं आधण ठेवत होते तेव्हा फोन वाजला. मी तो लगेच उचलला नाही. गॅस बंद केला, हात पुसले, मग उचलला... आक्का गेल्या होत्या. त्याला आता सहा आठवडे होत आले.

विमलआक्का माझ्या नणंद. माझे यजमान दत्तात्रय यांच्या थोरल्या बहीण. सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा मोडनिंबचं शेत चुलतभावावर सोपवून त्या धाकट्या भावाला घेऊन सोलापुरात आल्या, त्याला शिकवलं, तो वीजखात्यात वायरमन म्हणून लागला तेव्हा पेढे वाटले आणि माझ्याशी त्याचं लग्नही त्यांनीच ठरवलं. त्यामुळं मी नवी नवरी म्हणून आत आले तेव्हा स्वयंपाकघरात एक बाई आधीपासूनच होती. उघड भांडण आमच्यात फारसं झालं नाही. मी एका सरकारी कचेरीत कारकून, त्या शिक्षिका, दोघी सकाळी डबे घेऊन बाहेर पडणाऱ्या. पण मी मिठाची बरणी डाव्या फळीवर ठेवायची आणि संध्याकाळी ती उजव्या फळीवर असायची. छत्तीस वर्षं ती बरणी अशी इकडून तिकडं जात राहिली, आणि दत्तात्रय दोन्हीकडचं मीठ गोड मानून जेवत राहिले.

आक्कांच्या डोक्यात खांब शिरला तो आमच्या मुलीकडं, मुग्धाकडं, कॅनडात गेलो तेव्हा. ती व्हँकुव्हरला असते. एके दिवशी तिनं आम्हा तिघांना तिथल्या एका संग्रहालयात नेलं. उंच काचेचं दालन, आणि त्यात माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे लाकडी खांब. तिथल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या बेटांवर हैदा नावाचे लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांचे हे खांब. देवदारासारख्या अवाढव्य झाडाचं एकच अख्खं खोड घ्यायचं आणि त्यावर बुडापासून शेंड्यापर्यंत घराण्याची गोष्ट कोरायची. माझे गुडघे दुखायला लागले म्हणून मी बाकावर बसले. आक्का मात्र एका खांबापुढं उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. थोड्या वेळानं त्या मलाही हाताला धरून घेऊन गेल्या. “ही रेघ बघ शैला. कुटं फुगती, कुटं बारीक होती, पण तुटत न्हाय. ह्याच्या अंगातनं निघून त्याच्या अंगात शिरती.” खरंच तसं होतं. अस्वलाच्या जबड्यात बेडूक, बेडकाच्या पाठीवर कावळ्याचे पाय, कावळ्याच्या पंखांत माणसाचा चेहरा. रिकामी जागा म्हणून कुठं नाही. आणि डोळे! कोपरे गोल केलेल्या चौकोनासारखे मोठमोठे डोळे. चेहऱ्यावर तर होतेच, तळहातावर, गुडघ्यावर, शेपटीच्या सांध्यावरही होते. सगळा खांबच आपल्याकडं बघतोय असं वाटून मला अवघडल्यासारखं झालं. दत्तात्रय हात मागं बांधून वर बघत म्हणाले, “आमच्या पोलवर एकदम एवढी माणसं चढली असती तर साहेबांनी सस्पेंड केलं असतं सगळ्यांना.” आक्का हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली होती.

पुढचा महिनाभर त्या रोज तिथं जात. दत्तात्रय त्यांना बसनं सोडायला आणि आणायला. संग्रहालयाच्या आवारात सत्तरीतला एक हैदा कारागीर खोड तासत बसलेला असे. हातात आपल्याकडच्या सुताराच्या वाकसासारखंच हत्यार. आक्कांना इंग्रजी बेताचं. पण दोघांचं हातांनी बरंच बोलणं होई. निघायच्या आदल्या दिवशी मुग्धाला दुभाषी म्हणून घेऊन त्यांनी त्याला वही दाखवली. त्यातला कावळा काढून विचारलं, हा मी माझ्या घरी एका लाकडावर कोरला तर चालेल का? त्यानं वहीचं एकेक पान नीट बघितलं. रेघेवरून बोट फिरवलं. मग वही मिटून दोन्ही हातांनी त्यांना परत दिली आणि काहीतरी बोलला. मुग्धा घुटमळली. “ते म्हणतायत, रेघ शिका, हात शिका, त्याला माझी ना नाही. पण हा कावळा माझ्या आईच्या घराण्याचा आहे. तो कुणी कोरायचा ते घराणं ठरवतं... ते विचारतायत, तुमच्या घराण्याचं कोण आहे?” एवढी वर्षं मुलींच्या वह्या तपासून परत देणाऱ्या आक्कांचा चेहरा लाल झाला. परतीच्या विमानात त्यांनी मला गदागदा हलवून जागं केलं. “शैला, देवक! आपल्यात देवक असतंय की!” लग्नात आपण घराण्याचं देवक बसवतो, कुणाचं झाड, कुणाचा पक्षी. आमच्याकडं साळुंकीचं पीस असतं. कळत असल्यापासून बघितलेलं ते पीस त्यांना तिथं, ढगांच्या वर, पहिल्यांदा दिसलं असावं.

त्याच संग्रहालयातली आणखी एक गोष्ट त्यांनी जेवताना सांगितली होती. तिकडच्या किनाऱ्यावर काही खांब लाज काढायलाही उभे करत. कुणी मोठ्या माणसानं चूक केली आणि कबूल केली नाही, तर त्याचं तोंड खांबावर कोरायचं, कधी उलटं, डोकं खाली पाय वर... सगळ्या गावानं बघावं म्हणून. ही गोष्ट माझ्या मनात कुठंतरी जाऊन बसली.

मोडनिंबच्या शेताच्या बांधावर एक जुना कडुलिंब होता. आक्का आणि दत्तात्रय त्याच्याखाली खेळून वाढलेले. आम्ही परत आलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं तो मुळापासून उपटला. चुलतदीर सुभाषभाऊजींचा फोन आला, वखारवाला मागतोय, देऊन टाकू का? आक्का ओरडल्या, “हात लावायचा न्हाय कुणी. खोड मला पायजे.” मे महिना होता. दत्तात्रय निवृत्त झालेले, रक्तदाबाची गोळी चालू. मी म्हटलं, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला, टेम्पोवाला आणेल की. तर म्हणाले, आक्का एकटी कशी जाईल? हे वाक्य मी छत्तीस वर्षं ऐकत होते. त्या सकाळी ते मला सहन झालं नाही. फाटकाशी जाऊन मी म्हटलं, “जा, आणा तुमच्या बहिणीचं सरपण. त्याच्यावरच जाळा मला.” त्यांनी नुसता हात हलवला आणि गाडीत बसले.

दुपारी दीडच्या सुमाराला टेम्पो आमच्या दारात आला. खोड घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब मागनं येत्यात.” चार माणसांनी ते धूड उतरवलं. मी त्यांना ताक दिलं. कुठं ठेवायचं ते दाखवलं. मागच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघरातून दिसणार नाही असं. अजून माझा राग गेला नव्हता. आल्यावर काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते... ताकाचे पेले विसळत होते तेव्हा सुभाषभाऊजींचा फोन आला. ते रडत होते. त्यांच्या जीपमधून सोलापूरला आणताना, मोहोळ यायच्या आधीच दत्तात्रय गेले होते. खोड त्यांच्या आधी घरी पोचलं होतं.

“चढवून झालं आणि एकदम खाली बसला,” आक्कांनी मला सांगितलं. “एकदम.” एवढंच.

पुढची दोन वर्षं मी लिहिते आहे म्हणून दोन ओळींत मावतील, पण ती तशी गेली नाहीत. घरात दोन बायका, आणि मागं ते खोड. दूध, गॅसचं सिलिंडर, पाण्याची वेळ, एवढ्यापुरतं आम्ही बोलायचो. दिवसकार्यं झाली, मुग्धा येऊन गेली. खोड हलवा असं मी तिला म्हटलं तर ती म्हणाली, “आई, थोडं थांब ना. आत्यांचं कुणी नाही आता.” माझं कोण होतं, हे मी तिला विचारलं नाही. वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मागून आवाज आला. टक्... टक्... टक्. कडुलिंबाचं लाकूड आडव्या-तिडव्या धाग्याचं, कठीण. सत्तरीला आलेली बाई ते वाकसानं तासत होती. रोज दुपारी दोन ते पाच. मी टीव्हीचा आवाज मोठा करायची, तरी त्याच्या खालून तो ठोका यायचाच. पाच वाजले की त्या खोडावर ताडपत्री ओढून चारी बाजूंनी दोरीनं बांधत. मी तिकडं फिरकायची नाही. कपडेसुद्धा गच्चीवर वाळत घालायला लागले होते.

एकदा जेवताना मी विचारलं, “कुणाचा खांब आहे हा?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “झाल्यावर बघशील.”

“मीही आहे त्यात?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ताट उचलून त्या उठल्या. त्या क्षणापासून माझी खात्री झाली. फाटकाशी मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं असणार. त्या गाडीतच बसलेल्या होत्या. भाऊ गेला त्या दिवशी भावजय त्याला काय म्हणाली, हे त्या लाकडात कोरून ठेवतायत, आणि एक दिवस सगळ्या गणगोतासमोर उभं करणार. ते लाज काढणारे खांब मला आठवले. मग ठोके ऐकू आले की मला वाटायचं, आता माझं नाक कोरतायत, आता तोंड. आक्का वाळत चालल्या होत्या तेही मी बघत होते. पण मला वाटे, एवढा राग मनात ठेवून माणूस वाळणारच.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका सकाळी त्या “जुन्या विद्यार्थिनीकडं जाते” म्हणून रिक्षानं गेल्या. मी तासाभरात वखारीतून दोघांना बोलावलं. ते विजेची करवत घेऊन आले. मोठा होता तो पन्नाशीतला, तोंडात तंबाखू. त्यानं दोऱ्या सोडल्या, ताडपत्री ओढली आणि दोन पावलं मागं सरला.

“बाई... हे कापायचंय? ह्यात मानूस हाय की.”

मी पुढं झाले. वरच्या टोकाला साळुंकी होती, पंख मिटून बसलेली, तिच्या पंखाची रेघ खाली उतरून एका माणसाच्या खांद्यात गेलेली. तो माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत होता. डोळे तसेच, मोठे, कोपरे गोल केलेले. फोटोसारखं त्यात काहीच नव्हतं. पण डाव्या भुवईवर आडवी खाच होती. पोलवरून पडल्याची दत्तात्रयांची ती खूण... मुठीत पक्कड होती. त्यांच्या पायांशी घोरपड, त्यांना पाठीवर घेऊन, भिंतीला चिकटावी तशी खोडाला चिकटलेली. तिची शेपटी अजून कोरायची होती. आणि घोरपडीच्या खाली, पुरण्यापुरतं सोडलेल्या कोऱ्या बुडाला लागून, एक बाई. उलटी. पाय वर घोरपडीच्या पोटात गेलेले, डोकं खाली. डोळ्यांवर चष्मा.

चष्मा मीही लावते. मला दुसरं काही दिसलंच नाही.

“कापा,” मी म्हटलं. त्या बाईच्या मानेवर बोट ठेवून मी त्याला जागा दाखवली. “इथून.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, तंबाखू थुंकला आणि करवत चालू केली. भुसा उडाला. कडू वास घरभर गेला. बोटभर चीर गेली असेल, तेवढ्यात फाटक वाजलं. आक्का धावत येत होत्या. धावत कसल्या, भिंत धरत धरत. करवतीच्या आवाजात त्या काय ओरडतायत ते कळेना. माणसानं करवत बंद केली.

“थांबलास कशाला?” आक्का त्याला म्हणाल्या. धाप लागलेली. “काप. हितनंच काप. पण वरचं ठेव.” मग माझ्याकडं वळल्या. “तुला काय वाटलं, तू हायस ती? घड्याळ बघ की तिचं.”

मी बघितलं. उलट्या बाईच्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं. उजव्या हातात घड्याळ आमच्या घरात एकच बाई घालायची.

आक्का खोडाच्या कडेवरच बसल्या. वखारीची ती दोन माणसं उभी होती, तरी त्यांना त्याचं भान नव्हतं. “एकदम नव्हतं झालं, शैला. सकाळीच म्हनला, आक्का, डावा हात जड झालाय. घाम फुटला होता. बांधावर बसला. सुभाषची बायको म्हनाली, डॉक्टरकडं न्या. गावात डॉक्टर होता, गाडी होती. मी म्हनले...” त्यांनी करवतीच्या चिरेवर हात ठेवला. “मी म्हनले, दत्तू, एवढं खोड चढवू दे, मग जाऊ. टेम्पोवाला निघून जाईल. अर्धा तास गेला त्यात. अर्धा तास मी ह्या लाकडाला दिला.”

मी वखारवाल्यांना जायला सांगितलं. घरात आले, दार लावून घेतलं.

अकरा दिवस मी आक्कांशी बोलले नाही. ताट वाढून झाकून ठेवायची आणि आत जायची. मला ओरडायचं होतं, पण कशावरून सुरुवात करायची ते कळत नव्हतं. अर्ध्या तासात ते वाचले असते का, हे कुणी सांगू शकणार नाही, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मागून आवाजही येत नव्हता. अकराव्या दिवशी ताट तसंच राहिलेलं दिसलं म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले. त्या पडून होत्या, उशाशी दवाखान्याची फाइल. त्या सकाळी विद्यार्थिनीकडं गेल्याच नव्हत्या. यकृतात गाठ होती, आणि ती त्यांना चार महिन्यांपासून माहीत होती.

मी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या आजाराबद्दल बोलायचं सोडून माझ्या तोंडून भलतंच निघालं. फाटकाशी मी दत्तात्रयांना काय म्हटलं होतं ते, शब्द न् शब्द. सरपण. जाळा मला.

“ठाऊक हाय मला,” आक्का म्हणाल्या. “गाडीत सांगितलं त्यानं. मोहोळपतुर हसत होता. म्हनला, शैला चिडली की लई खरं बोलते, संध्याकाळी तिला मोडनिंबची कैरी नेऊन देतो, मग बघ.”

दोन वर्षं हे वाक्य त्यांच्याजवळ होतं. मला ते दिलं असतं तर मी रात्री झोपले असते. पण ते द्यायचं तर त्या सकाळबद्दल बोलावं लागणार, आणि मग अर्धा तासही सांगावा लागणार. म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी मी त्यांचा हात धरून रडत होते. “कैऱ्या कुठायत मग?” मी असलं काहीतरी वेड्यासारखं विचारलं. “सुभाषच्या जीपमधी राहिल्या,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना माफ केलं असं इथं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. त्यांनी माफी मागितली नाही आणि मीही ती दिली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी लसूण, शेंगा, जे काही निवडायचं असेल ते घेऊन मागं बसायला लागले. हात चालत नसे तेव्हा त्या मला खडूनं रेघ मारायला सांगत आणि माझी रेघ पुसत. “मधी फुगू दे ती. पोट असतंय रेघेला.” करवतीची चीर लाकडाच्या भुशानं नि डिंकानं बुजवू का, असं मी विचारलं. “राहू दे,” म्हणाल्या, “बरोबर जागी लागलीय.” घोरपडीची शेपटी अर्धी झाली आणि त्यांना वाकस उचलेना. मग दवाखाना आला, पेजेची वाटी आली, आणि तो प्रश्न.

गेल्या रविवारी आम्ही खांब मोडनिंबला नेला. जिथं झाड होतं तिथंच, बांधावर, खड्डा घेतला. सुभाषभाऊजी, त्यांची बायको रुक्मिणी, शेजारच्या वस्तीवरची आठ-दहा माणसं. मुग्धा फोनवर बघत होती. हैदा लोकांत खांब उभा करताना नुसतं उभं करून भागत नाही. जमलेल्यांना त्यावरचं कोण कोण ते सांगावं लागतं, आणि ऐकणारे साक्षीदार होतात. हे आक्कांनीच मला शिकवलं होतं. मी साळुंकी सांगितली, देवक म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. घोरपड सांगितली, लहानपणी दोघं भावंडं विहिरीच्या कपारीत तिला बघायला जात. दत्तात्रय तर सगळ्यांनी ओळखलेच, भुवईवरून.

“आन् ही?” सुभाषभाऊजी वाकून बघत म्हणाले. “ही उलटी कशी बसली? आक्कांचा अंदाज चुकला वाटतं. खांब फिरवून उभा करू की, वहिनी.”

“मग हे उलटे होतील,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. दोर हातात धरून माणसं थांबली होती. मला अजूनही गप्प बसता आलं असतं. आक्का तर गेल्याच होत्या, गावात त्यांना मान होता. पण त्यांनी एवढे महिने तासून जे बाहेर काढलं ते मी कशी झाकणार? मी सांगितलं. डावा हात जड झाल्यापासून अर्ध्या तासापर्यंत, सगळं. फाटकाशी मी काय म्हटलं तेही. रुक्मिणीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरकडं न्या म्हणणारी तीच होती.

मग सुभाषभाऊजी खाली बसले. त्यांनी खांबाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत हात फिरवला, दोन्ही बाजूंनी, काहीतरी शोधत असल्यासारखा.

“वहिनी, चढवा म्हनून मी बी म्हनलो व्हतो की,” ते म्हणाले. “आक्का एकल्या न्हाय. मीच माणसं बलावली व्हती. माझं तोंड कुटं हाय ह्यात?”

“तुमचं नाही कोरलं, भाऊजी.”

“का न्हाय?”

ते डोळे पुसत उठले आणि दोराच्या सगळ्यात जड टोकाशी जाऊन उभे राहिले. “चला, वडा,” म्हणाले. खांब तिरका झाला, थांबला, डोलला. एका क्षणी तो माणसांवर येतोय असं वाटून मी किंचाळले. मग तो खड्ड्यात धप्पकन बसला आणि सरळ झाला. भोवती दगड, मुरूम, माती भरली. उन्हात लाकूड मधासारखं पिवळं दिसत होतं.

माणसं पांगल्यावर मी एकटी त्याच्यापुढं उभी राहिले. उभं राहून दत्तात्रय दिसतात. आक्कांचं डोकं खाली, मातीला लागून. त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यायचा तर जमिनीवर बसावं लागतं. माझे गुडघे तसे राहिलेले नाहीत. तरी मी बांधावर हात टेकून बसले, मान वाकडी करून त्या चष्म्यात बघितलं आणि जे तोंडाला येईल ते बोलत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. चहा घेऊन रुक्मिणी आली, तिनं काखेत हात घालून मला उठवलं.

“आक्कांशी बोलत व्हता व्हय, वहिनी?”

“नाही गं,” मी म्हटलं, “भांडत होते.”